भुवया-पापण्यांना एरंडेल: खरंच उपयोग, की नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ?

सायंतारा · ३ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचनमात्र) आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

परवा धाकट्या नणंदेच्या लग्नाचा अल्बम आला. सगळे आपापले फोटो शोधत होते तशी मीही शोधत बसले, आणि लक्षात आलं की माझ्या भुवया अर्ध्यावरच संपतात. नाकाकडून सुरुवात बरी आहे, वळणापर्यंत विरळ होत जातात आणि कानाकडच्या टोकाला नुसती पेन्सिल. पापण्यांचंही तसंच. मस्कारा पुसला की कापसावर रोज तीन-चार केस. वय ३४.

कारण मला माहीत आहे. कॉलेजपासून दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग. आमच्या पार्लरवाल्या ताईंनी दोरा एकदा दातात धरला की "थोडा शेप बारीक देते हं, चेहरा उघडा वाटतो" असं म्हणत त्यांनी काय काय उडवलंय ते आरसा हातात आल्यावरच कळतं. तेव्हा पन्नास रुपये देऊन "छान झालंय" म्हणायचं आणि निघायचं.

आज्जी लहानपणी आम्हा बहिणींच्या भुवयांवरून एरंडेलाचं बोट फिरवायची. ते आठवलं म्हणून काष्टौषधीच्या दुकानातून बाटली आणली. मस्काऱ्याची संपलेली ट्यूब विसळून त्यात तेल भरलं, ब्रश आयताच मिळाला. दहा दिवस रोज रात्री भुवयांना आणि पापण्यांना लावलं. भुवया होत्या तिथेच आहेत. पण काल सकाळी उठले तर उजव्या डोळ्याला रांजणवाडी, ठसठशीत.

आता विचारायचं हे, की तेलाने भुवया येतात का? येत असतील तर कुठल्या तेलाने? आणि ही रांजणवाडी तेलामुळे झाली की योगायोग? नवरा म्हणतो तेल प्यायचं सोडून चोळत बसलीस म्हणून झाली. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

बोरूबहाद्दर · ३ जून, रात्री १०:५५

"डोळ्यात तेल घालून" हे म्हणण्यापुरतं असतं हो, इतकं मनावर घ्यायचं नसतं.
शीर्षक मात्र जमलंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माजघर · ३ जून, रात्री ११:२०

सायंतारा, तुझ्या आज्जीचं काही चुकलं नव्हतं, तुझी ट्यूब चुकली.

आमच्या सांगलीच्या घरी काजळ घरीच धरायचे. मागल्या पडवीत, वारा लागू नये म्हणून कोपऱ्यात. निरांजनात एरंडेल आणि जाड वात. दोन्ही बाजूंना दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर तांब्याचं ताम्हन पालथं, ज्योत ताम्हनाला जेमतेम चाटेल इतक्या उंचीवर. रात्री लावलं की सकाळी ताम्हनाच्या पोटाला काजळीचा मखमली थर. आई तो सुरीच्या पाठीने खरवडायची, तेही श्वास रोखून, कारण जोरात श्वास सोडला की निम्मं काजळ उडालंच. मग दोन थेंब एरंडेल घालून करंगळीने घोटायचं आणि चांदीच्या डबीत भरायचं. बोटाला जे उरेल ते आमच्या भुवयांवर. म्हणजे भुवयांना तेल लावणं हा कार्यक्रमच नव्हता, ती बोट पुसायची जागा होती!

आणि गुण म्हणशील तर आम्ही चार बहिणी, डबी एकच. दोघींच्या भुवया वडिलांवर गेल्या, नाकावर जवळजवळ भेटणाऱ्या. दोघी आईवर गेलो, असून नसल्यासारख्या. साठी उलटली तरी त्यात काडीचा फरक नाही.

घाण्यावरची · ४ जून, सकाळी ८:०५

असहमत. मी लाकडी घाण्याचं एरंडेल वापरते आणि माझ्या भुवया आल्या आहेत. डिसेंबरात थ्रेडिंग बंद केलं, रोज रात्री एक थेंब सुरू केला, मार्चअखेर दोन्ही बाजू भरल्या. बहीणसुद्धा म्हणाली. दुकानातल्या एरंडेलाला ना धड वास ना रंग, त्याला गुण कुठून येणार? आपल्या पूर्वजांना काही कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही.

तिरशिंगराव · ४ जून, सकाळी ८:३०

थ्रेडिंग डिसेंबरात बंद केलं, आणि श्रेय एरंडेलाला. आमचं कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, त्यातली गत.

घाण्यावरची · ४ जून, सकाळी ८:४१

मग तुम्ही लावून बघा आणि सांगा. उगाच काड्या टाकू नका.

नेत्रांजन · ४ जून, दुपारी २:१५

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. ओपीडी संपली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रांजणवाडी. पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी आणि पापणीच्या आत बारीक तेलग्रंथी असतात. आतल्या ग्रंथी वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत थोड्या कमी. अश्रूंवर तेलाचा पातळ थर धरायचं काम त्यांचं. त्यांची तोंडं बुजली आणि तिथे जंतू शिरले की रांजणवाडी. विसळलेल्या मस्कारा ट्यूबमध्ये काय असतं? जुना रंग, तुमच्या पापणीवरचे जंतू आणि ओल. त्यात तुम्ही चिकट तेल भरलंत आणि त्याच ब्रशने दहा दिवस कडेवरून रंगकाम केलंत. अजून काय व्हायला हवं होतं? (रागावत नाहीये. आठवड्याला असे दोन पेशंट येतात.) तेल सुटं दोषी म्हणता येणार नाही, पण पापणीच्या कडेवर चिकट थर आणि अस्वच्छ ब्रश ही जोडी वाईट. मस्कारासुद्धा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा, संपो न संपो.

आता उपाय. स्वच्छ सुती कापडाची घडी कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं. दिवसातून तीन-चार वेळा. दाबायची नाही, फोडायची नाही, डोळ्यांचा मेकअप बंद. बोट तळहातावर चोळून शेकायचा जो घरगुती उपाय सांगतात त्यात तत्त्व बरोबर आहे, पण बोटाची ऊब चार सेकंद टिकते, आणि ते बोट कुठे कुठे लागलेलं असतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, पापणी पूर्ण सुजली किंवा नजर अंधुक झाली, तर डॉक्टरांकडे जायचं.

आता केसांचं गणित. डोक्याचा केस दोन ते सात वर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी होते. भुवई आणि पापणीचा केस जेमतेम एक-दोन महिने वाढतो, मग थांबतो, काही महिने तसाच बसून राहतो आणि गळतो. मागून नवा येतो. वरच्या पापणीला ९० ते १५० केस असतात, त्यातले रोज दोन-चार पडणं हा हिशेबाचाच भाग. उपटलेला भुवईचा केस परत दिसायला दोन ते चार महिने सहज लागतात. घाण्यावरची, डिसेंबर ते मार्च म्हणजे बरोबर तेवढेच महिने. तेल लावलं नसतं तरी आल्या असत्या असं मला वाटतं. एका भुवईला लावून दुसरी कोरी ठेवली असतीत तर काही सांगता आलं असतं, पण तसं कोण करणार!

एरंडेलाने भुवया-पापण्यांचे केस नव्याने उगवतात, असं नीट चाचणी करून कुणी दाखवलेलं नाही. थेंबांच्या काही औषधांत एरंडेल असतं, हे खरं. ते निर्जंतुक केलेलं, मोजून मापून मिसळलेलं असतं. त्यावरून बाटलीतलं डोळ्यात घालायला कुणी जाऊ नये.

एक महत्त्वाचं राहिलं. सायंतारा, तुम्ही लिहिलंय की कानाकडचं टोक गेलंय. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणं हे थायरॉइड मंदावल्याचं एक जुनं ओळखीचं लक्षण आहे. दोऱ्याने गेलं असेल बहुतेक, तरी एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. शरीरात लोह कमी असेल तरी केस गळतात. भुवईत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असू शकते. आणि भुवया झडतायत, सोबत अंगावर बधिर चट्टा आहे, असं कुणाचं असेल तर तेल लावत न बसता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. कुष्ठरोगात भुवया जातात आणि वेळेत आलं तर तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

रात्रपाळी · ४ जून, दुपारी ३:०२

डॉक्टर, दंडवत. प्रतिसादाची प्रिंट काढून आमच्या हॉस्टेलच्या आरशाला लावते.

सायंतारा · ४ जून, रात्री ९:३०

नेत्रांजन, मनापासून आभार. ट्यूब कचऱ्यात गेली. शेक सुरू आहे, ठसठस कमी झालीय. टीएसएच शनिवारी करते.
तरी तेलाचा मोह काही सुटत नाही हो. वाढ होत नाही हे मान्य, पण ज्या आहेत त्यांना तरी काही फायदा? आणि एरंडेलच की दुसरं काही?

बीकर · ५ जून, सकाळी ७:५०

मी केसांच्या उत्पादनांच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा हा प्रश्न माझ्या ताटातला.

एरंडेल इतर तेलांपेक्षा वेगळं वागतं, कारण त्यातल्या मेदाम्लांचा जवळजवळ नऊ-दशांश हिस्सा एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा. त्यामुळेच ते इतकं घट्ट. बाटली उलटी करून बघा, थेंब सुटायला वेळ लागतो, आणि दोन बोटांत धरलं तर तार येते. हा थर केसावर बसला की केस जाड आणि काळाभोर दिसतो, उजेड परावर्तित होतो. "पहिल्याच दिवशी फरक दिसला" म्हणतात तो हा. तोंड धुतलं की फरकही धुतला जातो. लांब केसांवर मात्र ते थापू नका. धुताना केसांची दगडासारखी जट होऊन शेवटी कापावी लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना-विंचरताना केसातून जी प्रथिनं निघून जातात ती खोबरेलाने कमी झाली, बाकी दोघांनी नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते हे लक्षात ठेवा, पण कामाचा दाखला आजही सगळीकडे देतात. आणि त्यात केस तुटण्याबद्दल आहे, उगवण्याबद्दल अक्षर नाही. तुमच्या पापण्या मस्कारा ओढून काढताना तुटत असतील तर खोबरेल कामाचं.

बदामाचं तेल हलकं, पसरायला सोपं, सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर नको. तिळाचं चालेल. जवसाचं लवकर खवट होतं, खवट तेल कातडीला चावतं. "घाण्याचं" लिहिलेल्या कुठल्याही तेलाच्या बाटलीवर काढल्याची तारीख बघा. घाण्यावरची, गाळलेल्या-शुद्ध केलेल्या एरंडेलात गुण नसतो हे काही खरं नाही. रिसिनोलेइक आम्ल दोन्हीत तेवढंच. वास आणि रंग गेला म्हणजे सत्त्व गेलं, हे आपण मानत आलोय एवढंच.

जवसाची_चटणी · ५ जून, सकाळी ९:१०

अर्रर्र, आमच्या वऱ्हाडातल्या जवसाला लगेच खवट करून टाकलं की हो! तरी कबूल, आमची आजी जवस तेल भाकरीसोबत द्यायची, तोंडाला फासू द्यायची नाही.

तिरफळ · ५ जून, सकाळी ११:४५

कोकणातून हजर. आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी नारळाचं दूध काढून मंद आचेवर आटवतात, तेल वर आलं की गाळून घ्यायचं. घरभर खमंग वास. बाळाच्या अंगाला, टाळूला, आणि भुवयांना तेच. तळाचा तपकिरी चोथा साखर घालून आम्ही पोरं खायचो, त्यासाठी शेजारणीच्या बाळंतपणाची वाट बघायचो. भुवयांचं माहीत नाही, चोथ्याचा गुण नक्की आहे, माझ्याकडे बघून कळतं.

पिठलं_भात · ५ जून, दुपारी १२:३०

कुणी करू नये म्हणून सांगतो. हसू नका. गेल्या वर्षी मी भुवयांना मोहरीचं तेल लावलं होतं, उत्तरेकडच्या रूममेटच्या सल्ल्याने. मे महिना, घाम आला, तेल उतरलं डोळ्यात. बेसिनला धडकत धडकत नळ शोधला. अर्धा तास दोन्ही डोळे टोमॅटो.
त्यानंतरही अक्कल न येऊन डोक्याला लावायचं लाल थंड तेल लावलं. कापूर की काय असतं त्यात. त्याचं वर्णन करत नाही.

नेत्रांजन · ५ जून, दुपारी १:४०

पिठलं_भात, मोहरीच्या तेलाचा झोंबणारा भाग तोच, जो नाकातून पाणी काढतो. डोळ्यांच्या आसपास मोहरी, कापूर-पुदिन्याची थंड तेलं, कांद्याचा रस, लसूण, आणि सुगंधी अर्कांचे थेंब यांतलं काहीही नको. टी-ट्री तेल पापण्यांवरच्या सूक्ष्म किड्यांसाठी वापरतात असं कुणी वाचलं असेल, पण ते तयार, सौम्य केलेल्या पुसण्यांमधून आणि सांगितल्यावर. कच्चं लावून बुबुळावरचा थर भाजून घेतलेले पेशंट मी पाहिले आहेत.

ज्यांना लावायचंच आहे त्यांच्यासाठी: आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. मग भुवईला एक थेंब दोघींत मिळून (म्हणजे दोन भुवयांत!), धुतलेल्या बोटाने किंवा नव्या इअरबडने. झोपताना नको, कारण उशीवर ते पसरतं आणि सकाळी डोळ्यात असतं. संध्याकाळी तासभर ठेवून पुसून टाका. पापण्यांच्या कडेला अजिबात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढल्यावरच, आणि लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याच्या नंबरचं ऑपरेशन झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत काहीच नाही.

हिमगौरी_न्यूजर्सी · ५ जून, रात्री ११:५८

इथे जानेवारीत खोबरेल दगड होतं, आईने बरणीत पाठवलेलं असतं ते चमच्याने फोडावं लागतं. २४ अंशांच्या खाली गोठतंच ते. पण मी त्याचा उपयोग वेगळा करते. वॉटरप्रूफ मस्कारा काढायला वाटाण्याएवढं खोबरेल बोटावर घ्यायचं, विरघळलं की मिटलेल्या पापण्यांवर अलगद ठेवायचं. घासायचं नाही, वीस आकडे मोजायचे. मस्कारा आपोआप सुटतो, मग ओल्या कापसाने वरून खाली. आधी मी कापूस आडवा घासत होते, तेव्हा माझेही तीन-चार केस रोज यायचे, आता क्वचित एखादा. तेलाने उगवले नाहीत, उपटायचे थांबले.
फक्त नंतर सौम्य साबणाने चेहरा धुवा. नाहीतर डोळ्यांपुढे धुकं.

कोंडाजी · ६ जून, सकाळी १०:०५

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? माझ्या भुवयांत पांढरे पापुद्रे पडायचे, खाज, आणि खाजवलं की केस हातात. कोरडं पडलंय समजून महिनाभर ऑलिव्ह तेल चोळलं. जितकं चोळावं तितके पापुद्रे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तर म्हणाले डोक्यातला कोंडा भुवयांत उतरलाय. तो ज्या बुरशीमुळे होतो तिचं खाणंच चरबी, आणि मी रोज तिला जेवण वाढत होतो. औषधी शाम्पू आणि मलमाने पंधरा दिवसांत साफ.

तिरशिंगराव · ६ जून, सकाळी १०:२०

आयडी सार्थ.

पुन्हा_पालवी · ६ जून, दुपारी ४:३५

लिहू की नको असं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी माझी केमोथेरपी झाली. डोक्याचे केस जाणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं, टोपी-स्कार्फ तयार होते. भुवया-पापण्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या फेरीनंतर एका आठवड्यात गेल्या.

दिसण्याचं दुःख होतं, पण त्याहून गंमत अशी की भुवया कशासाठी असतात ते तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात उभी राहिले की कपाळाचा घाम सरळ डोळ्यात. पोळ्या लाटताना दर दोन मिनिटांनी हात थांबवून पदराने डोळे टिपायचे. रस्त्यावर धूळ, पंख्याखाली झोपलं तर डोळे कोरडे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. एकदा माझ्या गालावर माझीच एक शेवटची पापणी सापडली, ती त्याने माझ्या मुठीवर ठेवली आणि म्हणाला, आई, फुंकर मार, काहीतरी माग.

तेलाचं विचारलं होतं डॉक्टरांना. म्हणाले, वाढीसाठी काही होणार नाही, कातडी ओढतेय तर साधं खोबरेल भुवयांच्या जागी लावा, डोळ्यांपासून लांब. तेवढंच केलं. शेवटच्या केमोनंतर दुसऱ्या महिन्यात खुंट आले, भुवया आधी, पापण्या मागून. लव आल्यासारखं दिसायचं. पापण्या एकदा पूर्ण येऊन परत एकदम गळल्या, मी घाबरले, पण सगळ्या एकाच वेळी उगवल्या म्हणून एकाच वेळी गळायला आल्या इतकंच होतं. आता आहेत. पहिल्यासारख्या दाट नाहीत, पण घाम अडतो.

माजघर · ६ जून, दुपारी ४:५०

पालवी, बाळा, लिहिलंस ते बरं केलंस.

वाळवंटी_वाटसरू · ६ जून, रात्री ८:१५

विषय बदलतोय, माफ करा. इथे दुबईत बायकोच्या मैत्रिणी पापण्यांचं सिरम वापरतात आणि खरंच लांब होतात, प्रत्यक्ष पाहिलंय. मग तेलाने नाही होत आणि याने कसं होतं?

नेत्रांजन · ६ जून, रात्री १०:३०

कारण काही सिरममध्ये औषध असतं. काचबिंदूसाठी बायमॅटोप्रॉस्ट नावाचे थेंब आहेत. ते घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब, दाट, काळ्या व्हायला लागल्या. आमच्याकडे सत्तरीच्या आजोबांच्या एकाच डोळ्याच्या पापण्या नटीसारख्या होतात ते याच थेंबांनी, कारण थेंब त्याच डोळ्यात. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तेच औषध पापण्यांसाठीही मंजूर केलं. गुण यायला साधारण १६ आठवडे, बंद केलं की हळूहळू मूळपदावर. बदल्यात पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळे लाल होतात, घाऱ्या डोळ्यांचा रंग कायमचा गडद होऊ शकतो. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाही. काही सिरममध्ये याच जातीतली रसायनं असतात आणि डबीवर पुढे मोठ्या अक्षरांत "नैसर्गिक" असतं. मागची बारीक अक्षरं वाचा.

चिमणचारा · ७ जून, सकाळी ९:२०

माझं बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई रोज काजळाने भुवया कोरतात, म्हणतात आत्ता कोरल्या तर पुढे रेखीव येतील. काय करू? भांडण नकोय.

नेत्रांजन · ७ जून, सकाळी ९:५५

भुवया आईबाबांकडून येतात, काजळातून नाही. सुरम्यात आणि काही विकतच्या काजळांत शिसं सापडतं, आणि बाळ डोळे चोळून हात तोंडात घालतं. घरचं काजळ असेल तर शिसं बहुधा नसेल, तरी ती काजळीच, आणि बोट डोळ्यात जातंच. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. सासूबाईंना सांगा डॉक्टरांनी सांगितलंय. माझं नाव पुढे करा, मला सवय आहे.

माजघर · ७ जून, सकाळी १०:१०

आणि तरी ऐकल्या नाहीत तर सांग, मी फोन करते. सासवांचं सासवांना बरोबर कळतं.

सायंतारा · २९ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतेय.

रांजणवाडी तेव्हाच आठ दिवसांत बसली. टीएसएच करायला शनिवारी लॅबमध्ये गेले तर आई सोबत होती, तिला तिथूनच भाजीला जायचं होतं. मी रक्त देत असताना समोर बसलेल्या तिच्याकडे नुसतीच बघत होते. चष्म्याच्या वरच्या काठाला तिच्या भुवया जिथे टेकायला हव्यात, तिथे काहीच नाही. बाहेरचा भाग कधी गेला ते घरात कुणालाच सांगता येईना. तिने कधी थ्रेडिंग केलेलं नाही, एकदाही नाही. म्हटलं, तुझंही करून टाकू. "मला काय धाड भरलीय" वगैरे झालं, पण दिलं रक्त.

माझं २.१. अगदी नॉर्मल. आईचं १८.

दोन वर्षं ती म्हणतेय थकवा येतो, थंडी वाजते, भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसते, आवाज बसलाय. आम्ही म्हणायचो वय झालं. गोळी सुरू झालीय, सकाळी उपाशीपोटी, आणि अर्धा तास चहा नाही. तिला आजाराचं काही वाटत नाही, चहाचं फार वाटतं.

माझ्या भुवयांचं म्हणाल तर दोरा बंद. पार्लरवाल्या ताई रुसल्यात. कडेला बारीक खुंट आलेत, दिसतात भयंकर, पेन्सिलीने सांभाळून नेते. तेल लावते अधूनमधून संध्याकाळी, टीव्ही बघताना, आज्जीची आठवण म्हणून. ते आता आईलाही हवं असतं. दोघी चकाकत बसतो.

घाण्यावरची · २९ जून, रात्री ९:४०

काकूंना लवकर बरं वाटो. आणि डॉक्टर, मी १० जूनपासून फक्त डाव्या भुवईला लावतेय. ऑक्टोबरात फोटो टाकते. तिरशिंगरावांनी तोंड सांभाळावं.

तिरशिंगराव · २९ जून, रात्री ९:५२

हॅट काढली. डावी जिंकली तर मी एक बाटली विकत घेईन, घाण्याचीच.

मिशाळ · ३० जून, सकाळी ७:०५

पूर्ण धागा वाचला, उपयुक्त. एक शंका, दाढी गालावर नीट येत नाही, तिथे एरंडेल चालेल का?

बोरूबहाद्दर · ३० जून, सकाळी ७:१२

दाढीसाठी वेगळा धागा काढा.